संगणकाच्या माळ्यावरची अडगळ

शाळेच्या संगणकावर एके दिवशी सूचना झळकते : डिस्कवरील जागा संपत आली आहे. मग विद्यार्थ्यांनी काढलेली चित्रे पुसली जातात, दोन-चार चित्रफिती पेन ड्राइव्हवर हलवल्या जातात. थोडी जागा मोकळी होते आणि काही दिवसांत पुन्हा भरते. या काळात संगणकात नवे असे काहीच घातलेले नसते. मग ही जागा खाल्ली कोणी?

पुष्कळदा ती खुद्द कार्यप्रणालीनेच व्यापलेली असते. विंडोज असो की लिनक्स, कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आली की जुनी लगेच नाहीशी होत नाही. नव्या घरात राहायला गेलेले कुटुंब जुन्या घराची किल्ली काही दिवस जवळ ठेवते, तसाच हा प्रकार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा पाठिंबा संपला. त्या सुमारास अनेक कचेऱ्यांतले व शाळांतले संगणक विंडोज ११ वर नेले गेले आणि त्यांच्या डिस्कवर 'विंडोज.ओल्ड' नावाचे, सहज १०-२० जीबी जागा व्यापणारे फोल्डर दिसू लागले. ते काढावे की ठेवावे? या साध्या प्रश्नामागे चाळीसएक वर्षांचा इतिहास आहे. तो समजून घेतला तर उत्तर पाठ करावे लागत नाही. ते आपले आपण काढता येते.

ज्या संगणकात अडगळ नव्हती

आपल्याकडील शाळांत संगणक प्रथम मोठ्या प्रमाणावर आला तो १९८४ साली, केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून. पहिल्या टप्प्यात देशभरातील सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो' हे संगणक देण्यात आले. या यंत्राची कामचलाऊ स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. त्याची कार्यप्रणाली १६ किलोबाइटच्या एका चिपमध्ये कायमची कोरलेली असे. बटण दाबले की यंत्र तत्काळ तयार!

चिपमध्ये कोरलेले पुसता येत नाही, त्यावर नवे लिहिताही येत नाही. कार्यप्रणालीत दोष आढळला तर झाकण उघडून चिपच बदलावी लागे. नवी चिप बसली की जुनी हातात येई. ती खिशात ठेवा की कपाटात, संगणकात तिचा मागमूस राहत नसे. बदल करणे अवघड होते, म्हणून अडगळही नव्हती. हे लक्षात ठेवू या, कारण पुढचा सारा इतिहास याच्या उलट दिशेने गेला आहे.

चकती आली, बदल सोपा झाला

माहिती फिरत्या चुंबकीय चकत्यांवर साठवण्याची कल्पना त्याआधीची. १९५६ साली आयबीएमने 'रॅमॅक' यंत्रणेसोबत अशी पहिली डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, सुमारे एक टन वजन आणि साठवण फक्त ५० लाख अक्षरे! आजचे १५ जीबीचे एक 'विंडोज.ओल्ड' फोल्डर साठवायला असली तीन हजारांहून अधिक यंत्रे लागली असती.

टेबलावर मावणाऱ्या संगणकात डिस्क रुळली ती १९८० नंतर. १९८३ साली आलेल्या आयबीएम पीसी-एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले तेही याच वर्षी. म्हणजे जिल्ह्यात अभियांत्रिकी शिक्षणाचा आणि जगात डिस्कवाल्या पीसीचा आरंभ एकाच साली झाला, असे विद्यार्थ्यांना सांगता येईल.

कार्यप्रणाली चिपमधून डिस्कवर आली आणि ती बदलणे सोपे झाले. फळ्यावरचे लिखाण पुसून नवे लिहावे, तसे जुन्या फायलींच्या जागी नव्या फायली लिहिता येऊ लागल्या. पण इथेच नवा प्रश्न उभा राहिला. नवे लिहिताना मध्येच काही बिघडले तर? फळ्यावरचे अर्धे पुसलेले गणित वाचून वर्ग पुढे जाऊ शकत नाही. संगणकाचे तर त्याहून वाईट, कारण अर्धवट बदललेली कार्यप्रणाली घेऊन तो सुरूच होत नाही.

'ओल्ड' नावाचे फोल्डर

या प्रश्नाचे एक स्वच्छ उत्तर १९९१ साली आलेल्या एमएस-डॉस ५ मध्ये दिसते. जुन्या डॉसवर ही आवृत्ती चढवताना आधीच्या फायली 'ओल्ड_डॉस.१' नावाच्या वेगळ्या डिरेक्टरीत हलवल्या जात. शिवाय एक कोरी फ्लॉपी मागितली जाई आणि तिच्यावर परत फिरण्यासाठी लागणारी माहिती नोंदली जाई. नवी आवृत्ती पसंत पडली नाही, किंवा तिच्यावर एखादा जुना प्रोग्रॅम चालेनासा झाला, तर फ्लॉपी घालून मागे फिरता येई. सारे सुरळीत चालल्याची खात्री पटली की 'डेलओल्डडॉस' ही आज्ञा द्यायची. मग जुने डॉस पुसले जाई आणि जागा मोकळी होई.

यात तीन गोष्टी स्पष्ट होत्या. जुने कोठे ठेवले आहे हे दिसत होते. ते कशासाठी ठेवले हे माहीत होते. आणि ते केव्हा टाकायचे हे वापरणारा ठरवत होता. १९९५ च्या विंडोज ९५ नेही हीच रीत पाळली. जुन्या प्रणालीच्या फायली तिने दाबून एका लपवलेल्या फाईलमध्ये ठेवल्या आणि ती फाईल काढून टाकण्याची सोय कंट्रोल पॅनेलमध्ये दिली. विंडोज ९८ मध्ये 'डिस्क क्लीनअप' हे सफाईचे साधन आले. आवृत्ती बदलणे हा तोवर वर्षा-दोन वर्षांत एकदा येणारा प्रसंग होता. दिवाळीच्या साफसफाईसारखी त्याची आवराआवरही एकदाच करावी लागे.

महिन्याचा दुसरा मंगळवार

इंटरनेटने ही घडी मोडली. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा घातक प्रोग्रॅम जगभरच्या विंडोज संगणकांत पसरला. गंमत अशी, की ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारी दुरुस्ती कंपनीने महिनाभर आधीच दिली होती. असंख्य लोकांनी ती बसवलीच नव्हती. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या देण्याचा दिवस बांधून घेतला : दर महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेतील त्या सकाळी आपल्याकडे रात्र झालेली असते, म्हणून बहुतेक भारतीय कचेऱ्यांत ही दुरुस्ती बुधवारी पोचते.

आता बदल हा मासिक प्रसंग झाला आणि प्रत्येक बदलामागे परतीची वाट राखणेही आले. विंडोज एक्सपीमध्ये प्रत्येक दुरुस्तीमागे एक लपवलेले फोल्डर तयार होई. त्यात बदललेल्या फायलींच्या जुन्या प्रती असत. चार-पाच वर्षे चाललेल्या संगणकात अशी शेकडो फोल्डर साचत. वापरणाऱ्याला ती दिसत नसत, त्यांचे प्रयोजन ठाऊक नसे आणि ती टाकावीत असे कोणी सुचवीतही नसे. डॉसच्या वेळच्या तीनही गोष्टी एकदम हरवल्या होत्या.

दोनदा मोजलेली जागा

याच काळात आणखी एक अडचण सोडवायची होती. अनेक प्रोग्रॅम काही फायली सामाईक वापरतात. गावात एकच पाण्याची टाकी असावी आणि कोणीही येऊन तिची तोटी बदलावी, तसे होई. एक नवा प्रोग्रॅम सामाईक फाईल बदले आणि दुसरा बंद पडे. यावर उपाय म्हणून विंडोज एक्सपीपासून अशा फायलींच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवणारे एक कोठार आले. त्याचे नाव 'विनएसएक्सएस'. पुढे विंडोज व्हिस्टापासून (२००७) संपूर्ण कार्यप्रणालीचे भाग या कोठारात राहू लागले.

हे फोल्डर उघडून पाहिले तर त्याचा आकार छाती दडपणारा दिसतो आणि ते पुसण्याचा मोह होतो. पण हा आकार फसवा आहे. शाळेच्या ग्रंथालयात एकाच पुस्तकाची नोंद लेखकवार यादीत आणि विषयवार यादीतही असते. दोन याद्यांतल्या नोंदी मोजून कोणी दोन पुस्तके आहेत असे म्हटले, तर ते चूक ठरेल. डिस्कवरही एकाच फाईलला दोन ठिकाणांहून नाव देता येते. कोठारातल्या कित्येक फायली या मुख्य विंडोज फोल्डरातल्याच फायली असतात. फक्त नोंदी दोन असतात. फाईल एक्सप्लोरर मात्र आकार सांगताना ती दोनदा मोजतो. हे कोठार हाताने पुसणे म्हणजे अडगळ समजून घराचा खांब काढणे होय.

तरीही त्यात खरोखरची जुनी आवृत्तीही असते. ती वेगळी काढण्याची सोय सामान्य वापरणाऱ्याला मिळायला वेळ लागला. विंडोज ७ ही प्रणाली २००९ ची. तिच्या 'डिस्क क्लीनअप'मध्ये जुन्या दुरुस्त्या साफ करण्याचा पर्याय आला तो ऑक्टोबर २०१३ मध्ये. २०१५ च्या विंडोज १० मध्ये मागे फिरण्याची मुदत ठरवून दिली गेली. आरंभी ती ३० दिवसांची होती, २०१६ पासून १० दिवसांची झाली. मुदत संपली की 'विंडोज.ओल्ड' आपोआप काढले जाते.

ही घाई का करावी लागली? डिस्क पुन्हा लहान झाल्या म्हणून! फिरत्या चकत्यांच्या जागी वेगवान पण महाग अशी फ्लॅश स्मृती आली आणि ५०० जीबीची सवय झालेल्या जगात ३२, ६४, १२८ जीबीचे संगणक विकले जाऊ लागले. ३२ जीबीच्या यंत्रात विंडोज बसली की मोठ्या दुरुस्तीला जागाच उरत नाही. जागा नसली की दुरुस्ती अडते आणि दुरुस्ती अडली की २००३ सारख्या फटी उघड्या राहतात. म्हणून २०१९ पासून नव्या संगणकांत विंडोज स्वतःसाठी सुमारे ७ जीबी जागा आधीच राखून ठेवू लागली.

लिनक्स वापरणाऱ्यांनाही हा अनुभव आहे. सी-डॅकने विकसित केलेली, मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली किंवा उबंटू यांत कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे 'कर्नल', बदलला की जुना कर्नल लगेच काढला जात नाही. नवा चालला नाही तर सुरुवातीच्या यादीतून जुना निवडता येतो. मात्र अनेक जुने कर्नल साचले आणि त्यांच्यासाठीचा कप्पा लहान असला, तर पुढची दुरुस्ती तिथेच अडते.

वीज गेली तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुने ठेवायचेच कशाला? यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षकाला याचे उत्तर द्यायला संगणकशास्त्र लागणार नाही. मोठी दुरुस्ती चालू आहे, पडद्यावर आकडा ४० टक्क्यांवर आहे आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली आहे. अशा वेळी जुन्या फायली शाबूत असतील तरच संगणक 'बदल मागे घेत आहोत' असे सांगून पूर्वस्थितीला येतो. त्या नसतील तर यंत्र पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या तालुक्याला किंवा जिल्ह्याला न्यावे लागते आणि पुढचे कित्येक दिवस वर्गात त्याची जागा रिकामी राहते. ज्या गावात दुरुस्ती करणारा जवळ नाही, तिथे परतीच्या वाटेची किंमत शहरापेक्षा जास्त असते. म्हणून या फायलींना सरसकट कचरा म्हणणे बरोबर नाही. त्या ठराविक मुदतीचा विमा आहेत. मुदत संपली की त्याचा हप्ता, म्हणजे जागा, भरत राहण्याचे कारण नाही.

२०१८ चा धडा

अडगळ ओळखणे तज्ज्ञांनाही किती अवघड जाते हे ऑक्टोबर २०१८ मध्ये दिसले. विंडोज १० मध्ये आपले 'डॉक्युमेंट्स' वा 'पिक्चर्स' फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येते. हलवल्यावर जुन्या जागी कधी कधी त्याच नावाचे रिकामे फोल्डर उरे. लोकांनी तक्रार केली आणि नव्या आवृत्तीत असली रिकामी फोल्डर काढून टाकण्याची व्यवस्था केली गेली. पण काही संगणकांवर ती रिकामी नव्हती. फोल्डरचा पत्ता बदलला होता. फायली मात्र जुन्या जागीच राहिल्या होत्या. २ ऑक्टोबरला आवृत्ती आली आणि काही लोकांची कागदपत्रे व छायाचित्रे नाहीशी झाली. चार दिवसांत कंपनीने वाटप थांबवले; सुधारलेली आवृत्ती आली ती १३ नोव्हेंबरला. कंपनीच्या म्हणण्यानुसार असा प्रकार दहा हजारांत एकाच्या बाबतीत घडला होता. चाचणी घेणाऱ्या काहींनी तो आधी कळवलाही होता, पण तक्रारींच्या गर्दीत ती सूचना मागे पडली.

नीट पाहिले तर इथे बदल करणारा भाग बिघडला नव्हता. सफाई करणारा भाग चुकला होता. 'हे जुन्या जागी आहे, म्हणून हे निरुपयोगी आहे' या गृहीतकाने घात केला.

अ, ब, क, ड

हे गृहीतक टाळण्याची एक पद्धत आपल्या कचेऱ्यांत संगणकाच्या फार आधीपासून आहे. महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात कागदांचे वर्ग पाडले जातात. 'अ' वर्गातले कागद कायम जपायचे, 'ब' वर्गातले ३० वर्षे, 'क' वर्गातले त्याहून कमी आणि 'ड' वर्गातले वर्षभर. शाळेतही जनरल रजिस्टर कायम राहते आणि चाचणीच्या उत्तरपत्रिका मुदतीनंतर रद्दीत जातात. कागद किती जुना आहे यावर हा निवाडा होत नाही. तो पुन्हा मिळू शकेल का आणि कोणाला लागेल, यावर होतो.

यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या शाळांना हे विशेष लागू आहे. पूर्वीचा वणी जिल्हा १९०५ साली यवतमाळ झाला. वऱ्हाडाचा भाग म्हणून तो मध्य प्रांतात, पुढे मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राजवटी बदलल्या, पण जुन्या राजवटीत लिहिलेले रजिस्टर बाद झाले नाही. आज जातपडताळणीसाठी अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांकडे १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती-भटक्या जमातींकडे १९६१ पूर्वीचे आणि इतर मागासवर्गीयांकडे १९६७ पूर्वीचे पुरावे मागितले जातात. आजोबा-पणजोबांचे नाव असलेले रजिस्टरचे एक पिवळे पान हा एखाद्या गोंड, कोलाम किंवा बंजारा कुटुंबाच्या हाती असलेला सर्वांत भक्कम दस्तऐवज असू शकतो. 'जुन्या राज्याचे कागद' म्हणून ते कोणी रद्दीत घातले असते तर?

हीच फूटपट्टी संगणकाला लावू. जुन्या विंडोजच्या फायली जगातल्या कोट्यवधी संगणकांवर सारख्याच असतात. त्या पुन्हा मिळतात. त्यांचा वर्ग 'ड'. 'सरल' किंवा यू-डायसवर भरलेली माहिती सर्व्हरवर असते. पण मुख्याध्यापकांनी बनवलेला निकालाचा तक्ता, शिष्यवृत्तीची यादी, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, एखाद्या मुलीने लिहिलेला पहिला निबंध यांची प्रत जगात दुसरीकडे कुठेही नसते. त्यांचा वर्ग 'अ'. धोका असा, की हे दोन्ही वर्ग कधी कधी एकाच गठ्ठ्यात बांधलेले असतात. डिस्क न पुसता विंडोज नव्याने बसवली, तर जुन्या वापरकर्त्याचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स 'विंडोज.ओल्ड'च्या आत जाऊन पडतात. बाहेरून ते फोल्डर अडगळीचे दिसते. शाळेचे पाच वर्षांचे काम त्यात असू शकते. आणि ते आपोआप पुसले जाण्याची घडी चालू झालेली असते.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम 'विंडोज.ओल्ड'मधील 'यूजर्स' फोल्डर उघडून पाहावे आणि आपले जे असेल त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. प्रत उघडते का तेही तपासावे. नवी आवृत्ती काही दिवस वापरून प्रिंटर, मराठी टंक आणि नेहमीचे प्रोग्रॅम नीट चालतात ना, याची खात्री करावी. त्यानंतरच सफाई करावी आणि तीही सेटिंग्जमधील 'स्टोरेज' किंवा 'डिस्क क्लीनअप' या प्रणालीच्या साधनाने. फोल्डर हाताने पुसून नव्हे. सफाईच्या यादीत 'डाउनलोड्स'समोर खूण असेल तर ती काढावी, कारण तिथे आपल्याच फायली असतात. लिनक्सवर जुने कर्नल काढण्यासाठी 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा आहे. तीही चालू कर्नल सोडूनच काम करते.

वर्गात करण्यासारखे

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून हे सारे एका तासात करून घेता येईल. सफाईपूर्वी आणि सफाईनंतर सी ड्राइव्हवरील मोकळी जागा लिहून घ्यावी आणि वजाबाकी करावी. सफाईच्या साधनाने सांगितलेला आकडा आणि आपली वजाबाकी यांत फरक पडला, तर कारण शोधायला लावावे. दोनदा मोजलेल्या जागेची गोष्ट इथे सांगता येईल. ५०० जीबीच्या डिस्कवर विंडोज ४६५ जीबीच का दाखवते, हाही चांगला प्रश्न आहे. डिस्क बनवणारा १,००० च्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या. पाच या अंकापुढे अकरा शून्ये मांडून त्याला १,०२४ ने तीनदा भागले की उत्तर हाती येते.

शेवटी संगणकातील दहा फायली निवडून प्रत्येकीपुढे अ, ब, क किंवा ड लिहायला सांगावे. सोबत प्रत्येकीसाठी एका ओळीत कारणही लिहावे : ही पुसली तर पुन्हा कोठून आणता येईल? ज्या फाईलपुढे 'कोठूनच नाही' असे उत्तर येईल, तिची दुसरी प्रत त्याच तासाला करून ठेवावी.